काळ्या आजाराच्या परजीवीचं ट्रायपॅनोथायोन रिडक्टेस: नवीन प्रोजेक्ट घेतलेल्यांसाठी सुरुवातीपासून

गाईडने "परजीवीच्या अँटीऑक्सिडंट एन्झाइमवर काम कर, ड्रग टार्गेट म्हणून बघ" असं सांगितलं की पहिले काही महिने माणूस रिव्ह्यू पेपरच वाचत बसतो, आणि प्रत्येक रिव्ह्यूत तेच रंगीत चित्र, तेच बाण. बेंचवर उभं राहिल्यावर काय फसतं ते तिथे कुणी लिहीत नाही. मी लीशमॅनियाच्या (हाच काळ्या आजाराचा परजीवी) या एन्झाइमवर काम केलंय, त्यामुळे एमएस्सी डिझर्टेशन, जेआरएफ किंवा पीएचडीची सुरुवात करणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. तुमच्या कंपाऊंडने एन्झाइम बंद पाडलं ही एक बातमी, परजीवी मेला ही दुसरी. पहिलीमुळेच दुसरी घडली हे दाखवणं हेच खरं काम आहे आणि बहुतेक थिसिस नेमके तिथे पोचायच्या आधीच संपतात.

१. आधी केमिस्ट्री समजून घ्या, पण मोजकीच

आपल्या पेशींमध्ये ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसशी लढायला ग्लुटाथायोन असतं, आणि ते परत वापरण्याजोगं करायला ग्लुटाथायोन रिडक्टेस. लीशमॅनिया आणि त्याचे भाऊबंद ट्रायपॅनोसोमा ब्रुसी (आफ्रिकेतल्या झोपेच्या आजाराचा) व ट्रायपॅनोसोमा क्रूझी (चागास आजाराचा) या मंडळींकडे ग्लुटाथायोन रिडक्टेस नाही, थायोरेडॉक्सिन रिडक्टेसही नाही. ते ग्लुटाथायोनचे दोन रेणू स्पर्मिडीनने जोडतात आणि त्यातून ट्रायपॅनोथायोन बनवतात. फेअरलॅम्ब आणि सेरामी यांनी हे १९८५ मध्ये शोधलं. ट्रायपॅनोथायोन परत रिड्यूस करणारं एकच एन्झाइम आहे, ट्रायपॅनोथायोन रिडक्टेस, पुढे नुसतं टीआर म्हणतो. टीआरने तयार केलेलं रिड्यूस्ड ट्रायपॅनोथायोन पुढे ट्रायपॅरेडॉक्सिनला जातं, तिथून ट्रायपॅरेडॉक्सिन परॉक्सिडेसला, आणि ते हायड्रोजन परॉक्साइडची वाट लावतं. सुपरऑक्साइडसाठी त्यांच्याकडे लोह असलेलं एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेस) आहे, आपल्याकडे तांबं-जस्तवालं आणि मँगनीजवालं. म्हणजे तेही टार्गेट होऊ शकतं, पण टीआरवर काम जास्त झालंय, स्ट्रक्चर्स आहेत आणि असे (assay, म्हणजे एन्झाइमचं काम मोजायची चाचणी) बसलेली आहे, त्यामुळे नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं मत.

जुनी औषधं बघितली की हा रस्ता कुणी हवेत काढलेला नाही हे कळतं. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी १९२० च्या दशकात युरिया स्टिबामाइन आणलं, तेव्हापासून अँटिमनी कितीतरी दशकं चाललं, आणि नंतर उत्तर बिहारमध्ये, मुझफ्फरपूरच्या पट्ट्यात, रेझिस्टन्समुळे निकामी झालं. अँटिमनी टीआरला अडवतं हे खूप उशिरा कळलं. २००९ च्या क्रिस्टल स्ट्रक्चरमध्ये तर तिहेरी संयुजेचा अँटिमनी एन्झाइमच्या दोन सिस्टीनमध्ये अडकलेला स्पष्ट दिसतो. आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावरचं एफ्लोर्निथीन याच साखळीत वरच्या टोकाला स्पर्मिडीनचा पुरवठा तोडतं, आणि मेलार्सोप्रॉल थेट ट्रायपॅनोथायोनलाच चिकटतं.

२. "टार्गेट आहे" म्हणण्याआधी हा प्रश्न विचारा: एन्झाइम किती टक्के बंद करावं लागतं?

लीशमॅनियात टीआरच्या जीनच्या सगळ्या कॉप्या काढून टाकायचे प्रयत्न झाले, ते जमले नाहीत, म्हणजे एन्झाइम अत्यावश्यक आहे. इथवर सगळे लिहितात. पण ट्रायपॅनोसोमा ब्रुसीत २००० साली जो कंडिशनल नॉकआउट (हवं तेव्हा जीन बंद करता येईल असा परजीवी) केला त्यात दिसलं की टीआरची ॲक्टिव्हिटी नेहमीच्या १० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच वाढ थांबते. म्हणजे तुमचं कंपाऊंड पेशीच्या आत, तिथल्या सब्स्ट्रेटच्या गर्दीत, ९० टक्क्यांहून जास्त एन्झाइम सतत बंद ठेवू शकलं पाहिजे. अर्धं बंद करून परजीवीला ढिम्म फरक पडत नाही.

लीशमॅनियात अजून एक वळण आहे. ज्या स्ट्रेनमध्ये टीआर कमी केलं होतं ते प्रोमॅस्टिगोट (परजीवीचं माशीतलं, शेपटीवालं रूप) फ्लास्कमध्ये मजेत वाढत होते, मॅक्रोफेजच्या (परजीवी ज्यात राहतो त्या रोगप्रतिकारक पेशीच्या) आत गेल्यावर मात्र त्यांचे हाल झाले, कारण ऑक्सिडेटिव्ह मारा तिथे होतो. हे डोक्यात ठेवा, नवव्या टप्प्यात लागेल.

दुसऱ्या परजीवीवर काम करणार असाल तर हा प्रश्न तिथे नव्याने विचारायचा, इथलं उत्तर तिकडे चालत नाही. मलेरियाचंच बघा, ग्लुटाथायोन रिडक्टेसवर वर्षानुवर्षं इनहिबिटर शोधले गेले आणि मग उंदरांच्या मलेरियात, प्लाझमोडियम बर्घेईत, ते जीन काढलं तरी रक्तातला परजीवी जगतो असं दिसलं, अडलं ते डासाच्या आत. उलट शिस्टोसोमात थायोरेडॉक्सिन ग्लुटाथायोन रिडक्टेस हे एकच एन्झाइम दोन्ही कामं करतं आणि संधिवातावरचं सोन्याचं औषध ऑरॅनोफिन त्याला जबरदस्त अडवतं. शिस्टोसोमा म्हणजे आफ्रिकेची भानगड असं वाटत असेल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाचं नाव शोधून बघा, १९५० च्या दशकातल्या नोंदी आहेत. ऑरॅनोफिन एन्टअमीबाच्या थायोरेडॉक्सिन रिडक्टेसवरही चालतं.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांचं आधी उरका, कारण कमिटीच्या मीटिंगा आपल्या सोयीने होत नाहीत.

- रिकॉम्बिनंट डीएनए आणि परजीवी दोन्हीसाठी इन्स्टिट्यूशनल बायोसेफ्टी कमिटीची, म्हणजे आयबीएससीची, परवानगी. काम बीएसएल-२ मध्ये.
- स्ट्रेन दुसऱ्या लॅबकडून घेत असाल तर मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट. भारतात लीशमॅनिया डोनोवनीचे एजी८३ आणि डीडी८ हे स्ट्रेन सर्रास वापरतात.
- उंदीर किंवा हॅमस्टर लागणार असतील तर ॲनिमल एथिक्स, माणसाच्या रक्तातून मॅक्रोफेज काढणार असाल तर ह्यूमन एथिक्स. पहिल्या वर्षात दोन्ही टाळता येतात, सेल लाइनवर भागतं. पुण्याच्या एनसीसीएसच्या सेल रिपॉझिटरीतून टीएचपी-१ (माणसाची) आणि जे७७४ (उंदराची) या मॅक्रोफेजसाठीच्या लाइन मिळतात.
- सामानात बीएल२१ डीई३ ई. कोलाय, पीईटी व्हेक्टर, निकेल कॉलम, एनएडीपीएच (टीआरला इलेक्ट्रॉन देणारा रेणू), डीटीएनबी (थायॉलशी, म्हणजे गंधक-हायड्रोजन गटाशी, गाठ पडली की पिवळं होणारं रसायन), ट्रायपॅनोथायोन डायसल्फाइड (ऑक्सिडाइज्ड ट्रायपॅनोथायोन, टीआरचा सब्स्ट्रेट), माणसाचं ग्लुटाथायोन रिडक्टेस, ट्रायटन एक्स-१०० (डिटर्जंट), आणि ३४० व ४१२ नॅनोमीटर दोन्ही वाचणारा प्लेट रीडर.

ट्रायपॅनोथायोन महाग आहे आणि बाहेरून मागवावं लागतं. जीन क्लोन व्हायची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात इंडेंट टाका, परचेसवाले तीन कोटेशनं मागतात आणि विकणारे मोजून दोन-तीनच असतात, तेव्हा प्रोप्रायटरी सर्टिफिकेट आधीच मागून ठेवलेलं बरं.

४. डॉकिंग: करा, पण डायमरवर

डॉकिंग म्हणजे कंपाऊंड प्रोटीनच्या खिशात कसं बसेल ते कॉम्प्युटरवर बघणं. पीडीबीवर, म्हणजे प्रोटीन स्ट्रक्चरच्या डेटाबेसवर, लीशमॅनिया इन्फँटमच्या टीआरचं टू-जेके-सिक्स (2JK6) हे स्ट्रक्चर आहे, बहुतेकजण तेच घेतात. घेतल्यावर ट्युटोरियलमध्ये सांगितलं म्हणून "जादाची चेन" डिलीट करतात, आणि इथेच सगळं मुसळ केरात जातं! टीआर होमोडायमर आहे, म्हणजे दोन सारख्या चेनची जोडी, आणि ॲक्टिव्ह साइट दोन सबयुनिट मिळून बनते. सिस्टीन ५२ आणि ५७ एका चेनचे, हिस्टिडीन ४६१ दुसऱ्या चेनचं. एकच चेन ठेवली तर अर्ध्या खिशात डॉकिंग होतं, स्कोअर मात्र छान येतो, सॉफ्टवेअरला काय त्याचं. एफएडी (एन्झाइमला धरून बसलेला, इलेक्ट्रॉन पुढे देणारा रेणू) पण काढू नका, तो प्रोटीनचाच भाग समजा.

खिसा कसा आहे हेही माहीत हवं. टीआरची ॲक्टिव्ह साइट रुंद आहे, तिथे तेलकट अमिनो ॲसिड आहेत आणि चार्ज ऋण आहे, माणसाच्या ग्लुटाथायोन रिडक्टेसची अरुंद आणि धन चार्जची. कारण सब्स्ट्रेटच तसे, ट्रायपॅनोथायोनवर एकूण धन चार्ज, ग्लुटाथायोन डायसल्फाइडवर ऋण. म्हणूनच क्लोमिप्रामीनसारखी तीन रिंगांची आणि धन चार्जच्या शेपटीची औषधं टीआरला अडवतात आणि माणसाच्या एन्झाइमला फारशी नाही. मेपॅक्रिनही त्याच जातीचं. यातलं एक तुमचं पॉझिटिव्ह कंट्रोल. पण खिसा रुंद असल्यामुळे लहान रेणू त्यात सैल बसतात, म्हणून नॅनोमोलर इनहिबिटर मिळणं अवघड जातं, आणि दुसऱ्या टप्प्यातला ९० टक्क्यांचा आकडा आठवला की हे किती जड जातं ते लक्षात येईल.

५. प्रोटीन बनवणं

हा भाग त्यातल्या त्यात सोपा. लीशमॅनियाच्या जीनमध्ये इंट्रॉन जवळपास नसतातच, त्यामुळे सीडीएनए बनवायच्या भानगडीत पडू नका, जीनोमिक डीएनएवरून थेट पीसीआर करा. जीसी प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास असल्याने बँड येत नसेल तर डीएमएसओ घालून बघा. इंडक्शन कमी तापमानाला, १६ ते १८ अंशाला, रात्रभर. जेलवर साधारण ५० ते ५५ किलोडाल्टनला बँड दिसतो.

पण जेलपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. निकेल कॉलमवर टीआर बसलं की कॉलम पिवळा दिसायला लागतो आणि इमिडाझोल सोडल्यावर पिवळे थेंब खाली येतात. तो पिवळा एफएडीचा. रंगहीन प्रोटीन मिळालं तर जेलवर कितीही शुद्ध दिसो, ॲक्टिव्हिटीला काही अर्थ नाही, एफएडी गळालाय. लायसिस बफरमध्ये एफएडी घालून पुन्हा करा, आणि नंतर २८० व ४६० नॅनोमीटरचं गुणोत्तर प्रत्येक बॅचला वहीत लिहा, दोन बॅचमधला फरक तिथेच पकडता येतो.

६. असे: इथे वेळ घालवा

दोन पद्धती आहेत. सरळ पद्धतीत एनएडीपीएच किती वेगाने संपतंय ते ३४० नॅनोमीटरला बघायचं. डीटीएनबी पद्धतीत टीआर ट्रायपॅनोथायोनला रिड्यूस करतं, ते ट्रायपॅनोथायोन डीटीएनबी फोडून पिवळा टीएनबी सोडतं आणि स्वतः परत डायसल्फाइड होतं, परत एन्झाइमकडे जातं. सब्स्ट्रेट फिरत राहतो, त्यामुळे तो चिमूटभर पुरतो, महाग आहे म्हणून स्क्रीनिंग सगळे यावरच करतात. शिवाय एका एनएडीपीएचमागे दोन टीएनबी सुटतात, सिग्नल सरळ पद्धतीच्या चौपटीहून जास्त मिळतो.

सुरुवातीला हे लावून बघा: ४० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.५, १ मिलिमोलर ईडीटीए, १५० मायक्रोमोलर एनएडीपीएच, १०० मायक्रोमोलर डीटीएनबी, ६ मायक्रोमोलर ट्रायपॅनोथायोन डायसल्फाइड. एन्झाइम इतकंच घाला की पाच-दहा मिनिटं रेष सरळ राहील. रेष पहिल्याच मिनिटात वाकली तर एन्झाइम जास्त झालंय, डायल्यूट करा. डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखा, १ टक्क्याच्या आत.

आता हमखास गडबड होणाऱ्या जागा.

एनएडीपीएच त्याच दिवशी बनवा आणि बर्फावर ठेवा, आम्लात ते लवकर मोडतं आणि डिस्टिल्ड पाणी थोडं आम्लच असतं, त्यामुळे नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून दिवसभर वापरू नका. प्युरिफिकेशनच्या बफरमध्ये डीटीटी किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल होतं का ते तपासा, कारण ते डीटीएनबीशी स्वतःच रिॲक्ट होतं आणि एन्झाइम घालायच्या आधीच वेल पिवळी होते, आधी नीट डायलिसिस करा. ट्रायपॅनोथायोन सोडून बाकी सगळं असलेला ब्लँक प्रत्येक प्लेटवर हवाच. आणि ९६ वेलच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरला प्रकाशाचा रस्ता एक सेंटिमीटर नसतो, त्याच्या साधारण ५५ ते ६० टक्के असतो. क्युव्हेटचं सूत्र तसंच लावून स्पेसिफिक ॲक्टिव्हिटी काढली की आकडा चुकतो आणि मग पेपरशी का जुळत नाही म्हणून डोकं धरून बसायला होतं.

७. खोटे हिट ओळखा

आपल्याकडे वनस्पतींच्या अर्कांवर फार प्रेम आहे. हळद, कडुनिंब, अडुळसा, गुळवेल, लॅबच्या बाहेर जे उगवतं त्याचा मेथॅनॉल एक्स्ट्रॅक्ट. माझी त्याला हरकत नाही, पण ४१२ नॅनोमीटरला वाचायचं असेल तर अर्क स्वतःच त्या रंगाचा नाही ना हे आधी बघा. कर्क्युमिनचा शोषणाचा पीक ४२५ च्या आसपास आहे, म्हणजे नेमका डीटीएनबीच्या अंगावर. कंपाऊंडचं स्वतःचं स्पेक्ट्रम घेतल्याशिवाय एकही प्लेट लावू नका.

मग हे कंट्रोल, प्रत्येक हिटवर (स्क्रीनिंगमध्ये चाललेल्या कंपाऊंडवर):

- ०.०१ टक्का ट्रायटन घालून पुन्हा करा. इनहिबिशन गायब झालं तर कंपाऊंड गोळे करून एन्झाइम त्यात अडकवत होतं.
- एन्झाइम, एनएडीपीएच आणि कंपाऊंड, ट्रायपॅनोथायोन नाही, ३४० ला वाचा. एनएडीपीएच संपायला लागलं तर तुमचं कंपाऊंड टीआरकडून स्वतः इलेक्ट्रॉन घेतंय. क्विनोन आणि नायट्रोफ्युरान असं करतात, एन्झाइमला उलटं फितवून सुपरऑक्साइड बनवायला लावतात. हे वाईट नाही, उलट मजेशीर आहे, पण याला साधा इनहिबिटर म्हणून खपवू नका.
- थायॉलला चिकटणारी कंपाऊंडं डीटीएनबी असेमध्ये हमखास फसवतात. ट्रायपॅनोथायोन फक्त ६ मायक्रोमोलर आहे आणि तुम्ही कंपाऊंड ५० घातलंय, तर ते ट्रायपॅनोथायोनच खाऊन टाकेल, एन्झाइमला हात न लावता इनहिबिशन १०० टक्के दिसेल. म्हणून हिट सरळ पद्धतीनेही तपासायचाच.
- एन्झाइमशी कंपाऊंड आधी मुरवून बघा, एकदा एनएडीपीएचसोबत आणि एकदा त्याच्याशिवाय. फक्त एनएडीपीएच असतानाच वेळेनुसार इनहिबिशन वाढलं तर ते रिड्यूस झालेल्या सिस्टीनवर बसतंय.

या चाळणीतून बहुतेक हिट गळतात. गळू देत. चाळणी न लावता पुढे गेलं तर तेच हिट सहा महिन्यांनी सेल असेमध्ये गळतात, तोवर स्टायपेंड संपत आलेला असतो.

८. माणसाच्या एन्झाइमवर तपासा

काउंटर-स्क्रीन माणसाच्या ग्लुटाथायोन रिडक्टेसवर करायची. बाजारात स्वस्तात मिळतं ते यीस्टचं, आणि कॅटलॉगमध्ये नुसतं ग्लुटाथायोन रिडक्टेस लिहिलेलं असतं, स्रोत वाचूनच मागवा. यीस्टवर केलेल्या सिलेक्टिव्हिटीला रिव्ह्यूअर किंमत देत नाही.

आयसी५० (एन्झाइम अर्धं अडवणारं कंपाऊंडचं प्रमाण) देताना सब्स्ट्रेट किती होता ते लिहा, नाहीतर दोन एन्झाइमची तुलना निरर्थक आहे. जमलं तर केआय (कंपाऊंड एन्झाइमला किती घट्ट धरतं त्याचा आकडा) काढा. कॉम्पिटिटिव्ह, म्हणजे सब्स्ट्रेटच्याच जागेवर बसणाऱ्या, इनहिबिटरची एक मूळ अडचणही डोक्यात असू द्या: पेशीत एन्झाइम अडलं की ट्रायपॅनोथायोन डायसल्फाइड साचतं आणि तेच कंपाऊंडला खिशातून ढकलून बाहेर काढतं. त्यामुळे नॉनकॉम्पिटिटिव्ह किंवा सिस्टीनला घट्ट धरणारा हिट मिळाला तर तो जपून ठेवा.

९. परजीवीवर

प्रोमॅस्टिगोट एम१९९ मध्ये १० टक्के सीरमसोबत २६ अंशाला वाढतात, सोपे आहेत. फार पॅसेज झालेलं कल्चर इन्फेक्शन करायला नालायक होतं, म्हणून स्ट्रेन हातात आल्याबरोबर सुरुवातीच्या पॅसेजच्या व्हायल नायट्रोजनमध्ये ठेवा.

इथला सगळ्यात मोठा खड्डा एमटीटी आणि रिझाझुरिन. दोन्ही रेडॉक्स डाय आहेत आणि तुम्ही परजीवीची रेडॉक्स यंत्रणाच बिघडवताय! कंपाऊंड स्वतः एमटीटी जांभळं करू शकतं, मग परजीवी मेलेला असला तरी जिवंत दिसतो. पेशी नसलेल्या वेलमध्ये कंपाऊंड आणि डाय टाकून आधी बघा, आणि निदान एकदा तरी हिमोसायटोमीटरवर हाताने मोजून ताडून घ्या.

कंट्रोल म्हणून ॲम्फोटेरिसिन बी किंवा मिल्टेफोसिन घ्या. सोडियम स्टिबोग्लुकोनेट प्रोमॅस्टिगोटवर लावू नका, त्यातला अँटिमनी पाच संयुजेचा असतो आणि तो आधी तीनचा व्हावा लागतो, जे मॅक्रोफेज आणि त्याच्या आतल्या ॲमॅस्टिगोटमध्ये (परजीवीच्या बिनशेपटीच्या रूपात) होतं. इंजेक्शनच्या बाटलीतून घेतलंत तर आणखी घोळ, काही प्रिपरेशनमध्ये क्लोरोक्रेसॉल हे प्रिझर्वेटिव्ह असतं आणि प्रोमॅस्टिगोट त्यानेच मरतात.

खरी परीक्षा मॅक्रोफेजच्या आतल्या ॲमॅस्टिगोटवर. टीएचपी-१ ला पीएमए (या पेशींना मॅक्रोफेज बनवणारं रसायन) देऊन चिकटवा, स्टेशनरी फेजचे प्रोमॅस्टिगोट घाला, बाहेर राहिलेले धुवून काढा, मग औषध, ७२ तासांनी जिम्सा रंग देऊन १०० मॅक्रोफेजमागे किती ॲमॅस्टिगोट ते मोजा. डोळे दुखतात, इलाज नाही. टीआरसाठी मी उंदराचे मॅक्रोफेजही घ्या असं सांगेन, इंटरफेरॉन गॅमा आणि एलपीएस देऊन चेतवलेले, कारण ते नायट्रिक ऑक्साइड जोरात बनवतात आणि टीआर कमी झालेल्या परजीवीची खरी गोची अशाच ठिकाणी होते. फ्लास्कमधल्या प्रोमॅस्टिगोटवर फारसं न चालणारं कंपाऊंड इथे चाललं तर दचकू नका, ते सुसंगतच आहे.

त्याच मॅक्रोफेजवर सीसी५० (निम्म्या मॅक्रोफेज मारणारं प्रमाण) काढा आणि सिलेक्टिव्हिटी इंडेक्स, म्हणजे सीसी५० भागिले परजीवीवरचं ईसी५० (निम्मे परजीवी मारणारं प्रमाण), बघा. १० च्या खाली असेल तर त्या कंपाऊंडमागे फार धावू नका.

१०. परजीवी टीआरमुळेच मेला हे दाखवा

इथे बहुतेकजण डीसीएफडीए (आरओएस, म्हणजे रिॲक्टिव्ह ऑक्सिजन, असला की चमकणारा डाय) घालून "आरओएस वाढला, म्हणजे टीआर अडलं" असं लिहितात. मरणाऱ्या कुठल्याही पेशीत आरओएस वाढतो, ॲम्फोटेरिसिन दिलं तरी वाढतो. हे पुरावा म्हणून एकटं चालत नाही.

चांगला पुरावा जेनेटिक. टीआर ओव्हरएक्स्प्रेस करणारी लाइन बनवा, तिला मारायला कंपाऊंड जास्त लागलं पाहिजे. एक कॉपी काढलेली हेटेरोझायगस लाइन मिळाली तर तिला कमी लागलं पाहिजे. ईसी५० दोन्ही लाइनमध्ये जागचा हलला नाही तर कंपाऊंड परजीवीला दुसरीकडून मारतंय, टीआर निमित्तमात्र. जोडीला मोनोब्रोमोबाइमेन (थायॉलला चिकटून चमकणारं रसायन) लावून एचपीएलसीवर थायॉल मोजा, आणि कंपाऊंडच्या कमी डोसमध्ये परजीवी हायड्रोजन परॉक्साइडला जास्त हळवा होतो का ते बघा.

एमएस्सीच्या सहा महिन्यांत ही लाइन बनत नाही, बनवायला जाऊही नका. सातव्या-आठव्या टप्प्यापर्यंत स्वच्छ काम करा आणि थिसिसच्या शीर्षकात "टीआर इनहिबिटर" एवढंच लिहा, "अँटीलीशमॅनियल ड्रग" नको. पीएचडीवाल्यांनी मात्र ओव्हरएक्स्प्रेशनचं कन्स्ट्रक्ट प्रोटीन बनवतानाच सोबत क्लोन करून ठेवावं, प्रायमर तेव्हा हाताशी असतात, आणि आयबीएससीच्या अर्जात ट्रान्सजेनिक परजीवीचा उल्लेख पहिल्याच वेळी घालावा, म्हणजे तिसऱ्या वर्षी त्या एका ओळीसाठी पुन्हा मीटिंगची वाट बघायला लागत नाही.